भोकाचा पैसा

साकेगावात त्या वर्षी पैशाला भोक पडलं.
तांबं लढाईत गेलं, मास्तर म्हणाले,
उरलेल्या कड्या आम्ही करगोट्यात ओवल्या
आणि गाडीवाल्या निनूने दोन वॉशर म्हणून ठोकल्या.

पत्रांनाही भोकं होती.
तुळसा सपकाळेच्या नवऱ्याचं पत्र दोन महिन्यांनी यायचं,
कधी दोन एकदम, आधीचं नंतर.
दौलत पायोनियर कंपनीत. हातात बंदूक नाही, कुदळ.
गावाचं नाव, नदीचं नाव, माणसाचं काय झालं ते,
कुठल्याशा साहेबाने ब्लेडने कापून घेतलेलं.

मी चौथीत. गल्लीत वाचणारा मीच.
रॉकेल आठवड्याला पावशेर, म्हणून पत्र उन्हात वाचायचं,
तिच्या ओट्यावर. ती अंबाडी निवडत असायची.
भोकातून ऊन तिच्या लुगड्यावर पडे,
चौकोनी, दुपारभर सरकणारं.

"आम्ही मजेत आहोत. इथे      फार आहे.
काल आम्ही      ओलांडली.
वराडसीमचा भिका     ."

मी थांबलो. तिने मान वर केली नाही,
फक्त देठ मोडायचा थांबला.
म्हणून मी वाचलं:
इथे केळी फार आहेत.
काल आम्ही नदी ओलांडली, आपल्या वाघूरएवढी.
वराडसीमचा भिका जाड झालाय.

"केयी? तठी बी?" ती हसली,
आणि मला एक भोकाचा पैसा दिला.

बाकी लढाई म्हणजे आमच्याकडे काय?
जपानला जाणारा कापूस जिनाच्या आवारात पिवळा पडला.
भोंगा वाजेना, लोक जेवायची वेळ चुकू लागले.
सरकार म्हणालं कापूस मोडा, ज्वारी पेरा.
पेरली, तर लेव्हीत नेली.
भुसावळहून रात्री दिवे झाकून गाड्या जात
आणि वाघूरच्या पुलावर गावाचाच पहारा,
आपले रूळ आपल्याच पोरांपासून राखायचे.
बापाची पाळी सोमवारी. काठी ज्याची त्याची,
शिट्टी मात्र गावात एकच,
सकाळी धुऊन पुढच्या घरी द्यायची.

पंधरा दिवसांनी वराडसीमहून एक बाई चालत आली.
पदराच्या गाठीत तार. तार जुनी होती,
घडीवर फाटत आलेली.
तुळसाने निरोप धाडला होता ना, भिका जाड झालाय म्हणून.
ती ओट्यावर बसली. पाणी घेतलं नाही.
"तार खरी का कागद खरा?"

मी भिंतीला पाठ लावून उभा.
तुळसाने माझ्याकडे पाहिलं,
मग त्या पत्राकडे, जे तिला वाचता येत नव्हतं,
पण बोट बरोबर भोकात घातलं.
"अठी कायच लिव्हेल नही, बाई," ती म्हणाली.
"अठी कापेल हाये."

त्या बाईला कुणी वेशीपर्यंत पोचवलं ते आठवत नाही.
मला शिव्या बसल्या नाहीत. मारही नाही.
पुढचं पत्र आलं तेव्हा तुळसा एवढंच म्हणाली,
"भोक असन तठी भोक वाच."

मग मी तसं वाचू लागलो.
आज पाऊस. भोक. भाकरीचं पीठ मिळत नाही. भोक. भोक.
पोरीला शाळेत घाल. भोक.
ती प्रत्येक वेळी मान हलवायची,
जणू तिथे बरंच काही लिहिलेलं होतं.

दौलत सेहेचाळीसला परतला, रेल्वेत खलाशी लागला.
देशाचं नाव तेव्हा कळलं, इटली.
एकदा वाघूरला बैल धुताना मला म्हणाला,
"केयीचं तू सांगेल व्हतं?"
मी पाण्याकडे बघत हो म्हणालो.

त्याने बैलाची पाठ घासली, शेपटीपर्यंत.
"केयी नव्हत्या रे.
द्राक्षं व्हते. मैलभर.
तोडाले कोनी नव्हतं."